दुर्गाबाईंचं प्रभुभोजन

दुर्गाबाई तायडेंचं हृदय फार तर महिना-दोन महिने साथ देईल, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरअखेर सांगितलं. त्यांची मुलगी माया अमरावतीला राजापेठेत एकटीच राहायची. नर्सच्या नोकरीतून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. तिनं दोन बॅगा भरल्या आणि आईच्या शुश्रूषेसाठी अकोल्यात कौलखेडला थोरल्या भावाच्या, चंद्रभानच्या घरी येऊन राहिली.

दुर्गाबाईंचं वय एक्क्याऐंशी. अकरा वर्षांच्या असताना वडिलांबरोबर त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनच्या मडमेनं नवीन नाव सुचवलं होतं, पण वडील म्हणाले, पोरीचं नाव चांगलंच आहे, राहू द्या. पुढं चौतीस वर्षं त्यांनी मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत आया म्हणून काम केलं. किती लेकरं त्यांच्या हातात जन्मली, याची मोजदाद त्यांनी कधी ठेवली नाही.

चर्चच्या संडे स्कूलमध्ये नाताळाच्या आधीच्या रविवारी त्याच शिकवायच्या. पोरं कापसाच्या दाढ्या लावून, आईच्या ओढण्या डोक्याला गुंडाळून मेंढपाळ बनलेली असायची. बाई त्यांना समोर बसवून सांगायच्या, "गोठ्यात बाळंतपन म्हंजे काय असते, ठाव हाये का तुमाले? शेन, माशा अन् थंडी. मरियेले कळा आल्या तवा जवळ तिची माय नोती, सुईन नोती. नाळ कापाले धड कातर नोती. देव असा आला. रक्तात भरून, रडत आला. कोनं तरी त्याले पुसलं असीन, पोटाशी धरलं असीन. कोनी हातात घेतल्याबिगर जगता येनार नाई, इतका थो लहान झाला. हाच नाताळ."

एकदा चर्चच्या एका पंचानं हटकलं होतं, "बाई, लहान लेकरांपुढं रक्ताचं काय सांगता?"

"मंग काय थर्माकोलच्या गोठ्याचं सांगू?" बाई म्हणाल्या होत्या.

ते संडे स्कूल बंद पडून आता पाच वर्षं होत आली होती, कारण चर्चच बंद होतं. शेजारचा मिशनचा जुना बंगला आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा, यावरून मंडळीत दोन तट पडले. जागेवर गाळे काढावेत असं एकांचं म्हणणं, जागेला हात लावू नये असं दुसऱ्यांचं. मग निवडणूक खरी की खोटी, पाळक कुणाचा, दप्तर कुणाकडं, असं वाढत गेलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऐन उपासनेत बाकं उलटली, एकाचं डोकं फुटलं. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय दार उघडू नये, असा आदेश झाला. दाराला दोन कुलपं लागली. एका कुलपाची चावी जुन्या कमिटीच्या सेक्रेटरीकडं गेली, दुसऱ्याची नव्या कमिटीच्या अध्यक्षाकडं. सेक्रेटरी म्हणजे चंद्रभान आणि अध्यक्ष म्हणजे त्याचा धाकटा भाऊ गजेंद्र. त्या रविवारपासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

तेव्हापासून जुनी कमिटी शाळेच्या हॉलमध्ये नाताळ करायची आणि नवी एका मंगल कार्यालयात. मंडळीतली सगळ्यात जुनी बाई आपल्या बाजूला बसावी म्हणून दोन्हीकडून गाड्या यायच्या. दुर्गाबाई दोन्ही गाड्या परत पाठवायच्या.

यंदा वीस डिसेंबरला सकाळी त्यांनी चंद्रभानला पलंगाजवळ बोलावलं. तीन उशांना टेकून त्या बसल्या होत्या. दोन शब्दांनंतर दम लागत होता.

"नाताळाच्या सकाळी मले चर्चमंदी न्या. एक घंटा. प्रभुभोजनाचा पाव अन् रस घ्यायचा हाये, तुमा तिघांसंगं."

"माय, कोर्टाचा आदेश हाये," चंद्रभान म्हणाला. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं फायली सांभाळलेला तो माणूस. आवाज कधी चढवायचा नाही.

"आदेशात काय लिवेल हाये?"

"दोघांच्या संमतीशिवाय उघडायचं नाई."

"दोघं कोन?"

चंद्रभाननं पलंगाची चादर सारखी केली.

"दोघं मह्याच पोटचे ना? मंग द्या संमती."

"तसं नसते माय थे. कमिटी असते. ठराव लागते. पाळकसाहेब घरी येतीन, तुले इथीच प्रभुभोजन देतीन. पन गजा त्यात नाई बसू शकत. त्याले मंडळीतून काढेल हाये."

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. तशाच म्हणाल्या, "देव सोताची जागा सोडून गोठ्यात उतरला. तुमच्यानं घराच्या तीन पायऱ्या उतरनं होत नाई."

चंद्रभान उठून बाहेर गेला. मायानं ऑक्सिजनची नळी नीट केली. आईचे पाय सुजून टम्म झाले होते. दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहत होता. याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात गजेंद्रकडं गेली. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, वर घर. दुकानात नाताळच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स वाळत घातलेला होता. त्यावर एका कोपऱ्यात गव्हाणीतलं बाळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याहून मोठा, कोट घातलेला गजेंद्र. खाली लिहिलं होतं, अध्यक्ष.

"मायची तब्येत कशी हाये?" त्यानं विचारलं. विचारताना नजर मशीनकडं.

"येऊन पाह्य ना."

"त्या घराची पायरी मी चढत नाई, हे तुले माहीत हाये."

मायानं आईचं मागणं सांगितलं. गजेंद्र ऐकत राहिला. त्याचा चेहरा क्षणभर सैल पडला, आणि तिला वाटलं, हा हो म्हणतो.

"त्यानं आधी उघडावं," तो म्हणाला. "त्याचं कुलूप आधी निंघालं पाह्यजे. मंग मी विचार करीन."

"अन् थो म्हनते तू आधी उघड."

"मंग राहू दे बंद."

"गजा, थे मरून राहिली रे."

त्यानं मशीनचं बटण दाबलं. कागद सरकायला लागला. जिन्यात त्याची मुलगी आचल उभी होती, बारावीला असलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. माया जाताना ती हळूच "सलाम, आत्या" म्हणाली आणि वर पळाली.

चोवीस तारखेला दुपारी आचल कौलखेडला आली. सायकल घराच्या मागं लावली. आजीच्या पलंगावर बसली आणि कंपासपेटीतून एक चावी काढून चादरीवर ठेवली.

"तुह्या बापानं देल्ली?" दुर्गाबाईंनी विचारलं.

आचलनं मान खाली घातली.

"चोरून आनली."

"आजी, मी परत ठेवून देईन. त्याईले समजनार नाई."

दुर्गाबाई बराच वेळ चावीकडं पाहत राहिल्या. त्यांनी आयुष्यात दवाखान्यातली कापसाची घडीसुद्धा घरी आणली नव्हती. मायाला वाटलं, त्या चावी परत करायला सांगतील. पण त्या म्हणाल्या, "याचं पाप मह्या डोक्यावर. तू लेकरू हाये."

तेवढ्यात चंद्रभान खोलीत आला. त्यानं आचलकडं पाहिलं, मग चादरीवरच्या चावीकडं. आचल पलंगावरून उठून उभी राहिली. पाच वर्षांत मोठ्या काकाच्या समोर ती पहिल्यांदाच आली होती. चंद्रभान आल्या पावली निघून गेला. आता तो फोन करणार, असंच मायाला वाटलं.

तो पाच मिनिटांनी परत आला. खिशातून दुसरी चावी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

"सकाळी सात ते आठ," तो भिंतीकडं पाहत म्हणाला. "मी शाळेच्या हॉलमंदी असीन. मले काई माहीत नाई."

दुर्गाबाईंनी हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही, पण उंबऱ्यात थोडा थांबला. त्या दुपारी मायाला आपल्या भावाबद्दल जे वाटलं, तसं गेल्या पाच वर्षांत कधी वाटलं नव्हतं. तिनं काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घातल्या, प्रभुभोजनाच्या रसासाठी. मनुका चांगल्या फुगल्या, पाणी गडद झालं, तसं तिनं ते गाळून छोट्या बाटलीत भरून ठेवलं.

नाताळच्या सकाळी साडेसहाला धुकं होतं. ऑटोवाल्यानं आणि मायानं दुर्गाबाईंना उचलून बसवलं. अंगावर पांढरं लुगडं, दोन शाली, पायांत मायाचे मोजे. आचल आधीच चर्चपाशी येऊन थांबली होती. दोन्ही कुलपं गंजली होती. मायानं खोबरेल तेल आणलं होतं म्हणून उघडली.

आत उग्र वास होता. तावदानं फुटली होती, तिथून कबुतरं आत आली होती आणि बाकांवर त्यांच्या विष्ठेचे थर साचले होते. गीतांच्या वह्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. भिंतीवर कॅलेंडरचं पाच वर्षांपूर्वीचं फेब्रुवारीचं पान. उलटलेली बाकं तशीच उलटी, कुणी सरळ केली नव्हती. पुढच्या एका बाकाजवळ फरशीवर तपकिरी डाग होता. तो त्या रविवारी फुटलेल्या डोक्याचा, हे तिघींनाही माहीत होतं.

आचल रडायला लागली. दुर्गाबाई म्हणाल्या, "रडू नको. गोठ्यात याच्यापेक्षा चांगलं नोतं."

मायानं तिसरं बाक पुसलं, शाल अंथरली, त्यांना बसवलं. वेदीच्या टेबलावरची धूळ पदरानं झटकली. एक पाव आणि मनुकांच्या रसाचा पेला ठेवला. मग तिला कळेना पुढं काय करायचं. "माय, पाळक नाई," ती म्हणाली.

"आन इकडे."

दुर्गाबाईंनी पाव मांडीवर घेतला. त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली, मधे मधे श्वासासाठी थांबत.

"प्रभू, तू आज जन्माले आला. तुले मरनासाठीच जन्म घ्या लागला, थे तुले ठाव होतं, तरी आला. आमच्या हातात सोताले देल्लं. आमचे हात कसे हायेत, थे तू पाहूनच राहिला. मह्या दोन लेकरांचे हात तू धर. मह्यानं नाई झालं. आमेन."

त्यांनी पावाचे पाच तुकडे केले. एक आचलला दिला, एक मायाला, एक स्वतः घेतला. दोन मांडीवरच्या रुमालावर राहिले. तिघींनी रस घोट घोट घेतला. आचलनं हळू आवाजात एक गाणं सुरू केलं, मायानं साथ दिली. दुर्गाबाईंचे ओठ फक्त हलत होते. त्यांचा चेहरा मायानं त्या महिन्यात इतका शांत पाहिला नव्हता. किती वेळ गेला? पंधरा मिनिटं, फार तर वीस.

बाहेर दूध घालायला निघालेल्या मंडळीतल्याच एका माणसानं उघडं दार पाहिलं आणि फोटो काढून दोन्ही बाजूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. साडेसातच्या आत मोटारसायकली यायला लागल्या. आधी मंगल कार्यालयातले आले, नव्या शर्टांत, कोटांत. सगळ्यांच्या पुढं गजेंद्र.

"कोनं उघडलं? कोनाले विचारून?" तो दारातूनच ओरडत आला. मग त्याला आई दिसली. तो बाकांच्या मधल्या वाटेत थांबला. ती अंथरुणाला खिळल्यापासून त्यानं तिला पाहिलं नव्हतं. आचल आत्याच्या मागं सरकली.

दुर्गाबाईंनी रुमालावरचा एक तुकडा उचलून त्याच्यापुढं धरला. "घे बापा."

गजेंद्र पुढं आला, गुडघ्यावर बसला, तुकडा हातात घेतला. मागून कुणी तरी म्हणालं, "अध्यक्षसाहेब, काय करून राहिले? हा कोर्टाचा अवमान हाये. आपल्यावर येईन." गजेंद्रनं तुकडा मुठीत धरला. तोंडात घातला नाही.

तेवढ्यात शाळेच्या हॉलमधले आले. दारात रेटारेटी सुरू झाली. हे म्हणत तुम्ही फोडलं, ते म्हणत तुम्ही. एका बाईनं नव्या कमिटीच्या माणसाची कॉलर धरली. कुणी तरी आधीच ठाण्यात फोन केला होता. दोन पोलीस आत आले. त्यांतला वयानं मोठा होता त्यानं टोपी काढली, म्हातारीकडं पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "चाव्या कोणी दिल्या? दोन्ही बाजूंनी दिल्या असतील तर भानगडच नाही. तसं सांगा, आम्ही जातो."

आचल पुढं झाली. "एक मी आनली. बाबांच्या टेबलातून," ती म्हणाली. गजेंद्र तिच्याकडं पाहतच राहिला. मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता तो म्हणाला, "माह्या घरातून आली म्हंजे माह्याकडूनच आली. लिवून घ्या."

आता सगळे चंद्रभानकडं पाहत होते. तो दाराजवळ उभा होता. त्याच्या एका बाजूला त्यांचे पाळक, दुसऱ्या बाजूला कमिटी. माया त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होती. फक्त हो म्हणायचं होतं.

"मले माहीत नाई," चंद्रभान म्हणाला. "बहिनीनं कपाटातून काढली असीन. आमची संमती नोती."

दुर्गाबाईंनी ते ऐकलं. थोरल्या लेकाकडं त्यांनी पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हे मायानं नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. मग त्यांची मान एका बाजूला कलली आणि श्वास घुर्रघुर्र करायला लागला. मायानं ओरडून ऑटो मागवला. गजेंद्रनं आईला उचललं. उचलताना रुमाल खाली पडला आणि उरलेला तुकडा गर्दीच्या पायांखाली गेला. दवाखाना यायच्या आधीच, पुलाच्या अलीकडं, मायाच्या मांडीवर त्यांचा प्राण गेला.

मातीला दोन्ही बाजूंचे लोक आले. कोणत्या पाळकानं प्रार्थना करायची यावर तासभर वाद चालला. शेवटी त्याच पोलिसानं तोड काढली. एकानं घरी करावी, दुसऱ्यानं कबरीवर. पोलीस स्वतः हिंदू होता आणि हे सांगताना त्याला फार लाज वाटत होती. दोघा भावांनी माती लोटली, एकानं डाव्या बाजूनं, एकानं उजव्या. तिसऱ्या दिवशी चर्चला सरकारी सील लागलं. जानेवारीत दोन्ही बाजूंनी कोर्टात प्रतिज्ञापत्रं दिली. मयत दुर्गाबाई तायडे शेवटपर्यंत आमच्याच मंडळीच्या सभासद होत्या, असं दोन्हींत लिहिलेलं होतं. मायाला प्रतिवादी केलं होतं. बेकायदा प्रवेश केल्याबद्दल.

गजेंद्रनं मुलीला बोल लावला नाही, पण घरातलं बोलणंच आटलं. मार्चमध्ये तिची परीक्षा संपली तशी तिला नर्सिंगच्या प्रवेशाच्या तयारीसाठी म्हणून त्यानं स्वतः अमरावतीला मायाकडं आणून सोडलं. निघताना म्हणाला, "मी थे खाल्लं नाई माये. मुठीतच राह्यलं. घरी गेलो तवा भुगा झालता." आणि जिना उतरून गेला.

चंद्रभान आला तो एप्रिलच्या सुरुवातीला, गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात. न कळवता. राजापेठेत सकाळपासून ऊन तापलं होतं, खाली शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांचा कलकलाट चालू होता. तो खूप वाळला होता. पाणी प्यायला, खुर्चीवर बसला आणि अर्धा तास इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत हाये."

"मायनं ऐकलं."

"हो, ऐकलं."

"मी काऊन तसं बोललो, मलेच समजत नाई. तोंडातून निंघून गेलं. सगळे पाहून राहिले होते."

माया म्हणाली, "दादा, मले सांगून काय उपेग? कोर्टात सांग. चावी मी देल्ली म्हन. माह्यं नाव निंघून जाईन, गजाची अन् तुही संमती होती असं होईन. दार उघडाले वाट होईन."

चंद्रभाननं दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. "तसं सांगितलं तर आमची बाजू पडते. वकील म्हनते, आमची संमती नोती, याच्यावरच सगळा दावा उभा हाये. पाळकसाहेब, कमिटी... इतके वर्सं त्याईच्यासंगं काढले मी."

"मंग इथी काहून आला?"

तो रडला. माया शेजारी बसून राहिली. दवाखान्यात असताना अनोळखी माणसांच्या पाठीवरून तिनं कितीदा हात फिरवला होता. इथं हात उचलला गेला नाही. आई असती तर काय केलं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तिच्यानं ते होईना. असल्याच माणसांत देव जन्माला आला, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. अशा माणसाला जवळ घेणं इतकं जड असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

जेवायची वेळ झाली. आचलनं तीन ताटं मांडली, पोळ्या, तुरीचं वरण, कैरीचं लोणचं. चंद्रभाननं सवयीनं मान खाली घातली आणि म्हणाला, "माये, प्रार्थना कर."

मायानं तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. शेवटी आचलनंच प्रार्थना केली. अन्नाबद्दल आभार मानले, मोठ्या काकांचा प्रवास सुखाचा होवो म्हणाली. तिघं जेवले. साडेचारच्या बसनं चंद्रभान अकोल्याला गेला. पुढची तारीख त्याच महिन्याच्या अठ्ठावीसला होती, आणि त्या दिवशी तो कोर्टात काय बोलेल, हे जाताना त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.